एसयूव्ही सोडून छोटी गाडी घ्यायचीय, पण बर्फाचं काय? टप्प्याटप्प्यानं सगळं

बर्फ पडणाऱ्या भागात कुणालाही विचारा, एवढी मोठी गाडी कशाला ठेवलीय, तर उत्तर ठरलेलं असतं, हिवाळ्यात अडकून बसायचं नाहीये. मी पण बरीच वर्षं हेच म्हणत होते. मग मुलं मोठी झाली, मागच्या सीटवर कुणी बसेना, पार्किंगला रोज कसरत, आणि आम्ही एसयूव्ही देऊन हॅचबॅक घेतली. आता काही हिवाळे काढलेत या छोट्या गाडीवर. ओळखीतले लोक सारखं विचारतात, कसं जमतं, अडकत नाहीस का, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतेय. मोठं आहे, पण गाडी बदलायच्या आधी वाचलंत तर उपयोग होईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बर्फात एसयूव्ही तुम्हाला तीन गोष्टी देते: चारही चाकांना जोर, जमिनीपासून उंची, आणि उंच बसल्यामुळे लांबचं दिसणं. थांबायची ताकद या यादीत नाही, वळताना रस्ता धरून ठेवायची पण नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, आणि बर्फावर गाडी किती अंतरात थांबणार हे टायरचं रबर आणि खालचा रस्ता या दोघांत ठरतं. गाडी जड असली की रस्त्यावर दाब जास्त पडतो हे खरं, पण थांबवायचं वजनही तेवढंच जास्त असतं, त्यामुळे हिशेब तिथल्या तिथे फिटतो.

आकडे बघा, साधं शाळेतलं गणित आहे. ताशी ५० किमी वेग असेल तर कोरड्या डांबरावर चांगल्या टायरवर ब्रेक लागल्यापासून साधारण १२-१३ मीटरमध्ये गाडी उभी राहते. दाबून बसलेल्या बर्फावर पकड (शाळेतला घर्षणाचा गुणांक) ०.२ च्या आसपास धरली तर हेच अंतर ४९ मीटर होतं, टायर चांगले असून पकड ०.३ मिळाली तर ३३ मीटर, आणि चकचकीत आइसवर, म्हणजे पाणी गोठून झालेल्या कडक थरावर, ०.१ धरली तर ९८ मीटर. म्हणजे एकाच बर्फावर नुसत्या टायरच्या फरकानं १६ मीटर वाचतात, तीन-चार गाड्यांची लांबी झाली ही! या हिशेबात गाडी मोठी का छोटी हा प्रश्नच कुठे येत नाही. एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली गाडी, सिग्नलवरून झटकन निघते, त्यामुळे रस्ता चांगला आहे असं वाटायला लागतं, आणि ब्रेक दाबल्यावर कळतं की नव्हता.

पहिलं काम: विकायच्या आधी एक हिवाळा नोंद ठेवा

शक्य असेल तर ही पायरी गाळू नका. एसयूव्ही अजून दारात आहे तोवर फोनमध्ये एक नोट उघडा आणि बर्फ पडला त्या प्रत्येक दिवशी दोन ओळी लिहा. बाहेर निघालात तेव्हा रस्त्यावर किती बर्फ होता, प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी) येऊन गेला होता का, चढावर चाकं फिरली का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या दिवशी दोन तास थांबून निघाला असतात तर चाललं असतं का. आमच्या नोंदीत अख्ख्या सीझनमध्ये खरोखर उंच गाडी लागली असे चारच दिवस निघाले, आणि त्यातले तीन दिवस असे की दुपारी निघालो असतो तरी काही बिघडत नव्हतं. उरलेल्या सगळ्या दिवशी रस्ता एकतर साफ होता, नाहीतर ओला-खारट चिखल, नाहीतर दाबलेला पातळ बर्फ.

तुमची नोंद वेगळी निघू शकते. तुम्ही हॉस्पिटलमध्ये पहाटेच्या शिफ्टला जाता, किंवा घरात असं कुणी आहे ज्याला मध्यरात्री न्यावं लागू शकतं, तर "थांबलो असतो" हा पर्यायच नाही तुमच्याकडे. ते स्वतःशी प्रामाणिकपणे मान्य करा.

दुसरं काम: घराचा चढ आणि गल्ली मोजा

मोठ्या रस्त्यांची काळजी करू नका, ते आधी साफ होतात. गाडी अडकते ती घराजवळच्या शेवटच्या दोनशे मीटरमध्ये. तुमच्या गल्लीत प्लाऊ किती वाजता येतो, सगळ्यात शेवटी येतो का, ड्राइववेला, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या आपल्या वाटेला, चढ किती, हे बघायचं.

चढ मोजायला फोनमधलं लेव्हल ॲप पुरतं, एक सरळ फळी ड्राइववेवर ठेवा आणि त्यावर फोन. ६ अंश म्हणजे जवळपास १०.५ टक्के चढ, म्हणजे १० मीटर पुढे जाताना एक मीटरहून जरा जास्त वर. फ्रंट व्हील ड्राइव (जोर फक्त पुढच्या चाकांना) छोट्या गाडीत इंजिन पुढे असल्यामुळे साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, तेव्हा पकड ०.२ असलेल्या बर्फावर ती गाडी कागदावर ११-१२ टक्क्यांपर्यंतचाच चढ चढेल. चारही चाकांना जोर असेल तर हीच मर्यादा २० टक्क्यांपर्यंत जाते. एडब्ल्यूडीचा खरा फायदा इथे आहे, आणि तो खोटा नाहीये. तुमचा चढ ४-५ अंशांचा असेल तर चांगल्या विंटर टायरवर फ्रंट व्हील ड्राइव आरामात चढते. ८-९ अंश असेल, आणि रस्त्यावरून वळून थेट चढ लागत असेल, म्हणजे आधी वेग घ्यायला जागाच नसेल, तर एकतर छोटी एडब्ल्यूडी बघा, नाहीतर गाडी खाली लावायची सोय आहे का ते बघा, नाहीतर बेत सोडा.

चढाला एक युक्ती आहे. फ्रंट व्हील ड्राइव गाडी चढावर पुढून जाताना वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी पडून फिरायला लागतात. तीच गाडी रिव्हर्समध्ये चढवली तर ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात, त्यांच्यावर दाब वाढतो, आणि जो चढ सरळ जमत नव्हता तो उलटा जमतो. स्वतःच्या ड्राइववेवरच करा हे, मागे कुणी नाही ना बघून, भर रस्त्यात नको.

तिसरं काम, आणि माझ्या मते निम्मं काम: टायर

गाडी कुठली घ्यायची याच्या आधी टायर ठरवा. तुमच्या बजेटमध्ये विंटर टायरचा वेगळा सेट बसत नसेल तर गाडी एक पायरी खालची घ्या पण टायर घ्याच, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

गाडीबरोबर येतात ते बहुतेक वेळा ऑल सीझन नाहीतर समर टायर. त्यांचं रबर थंडीत कडक होतं, साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की फरक पडायला लागतो, बर्फ असो वा नसो. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात, त्यांना साइप्स म्हणतात, त्या बर्फाला धरतात. खुणेकडे नीट बघा. नुसतं एम+एस लिहिलंय म्हणजे नक्षी मोकळी आहे एवढंच, त्यासाठी बर्फावर काही परीक्षा द्यावी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमफुलाचं चित्र असेल तर तो टायर बर्फावरच्या ट्रॅक्शन चाचणीत पास झालेला असतो. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून विंटर टायर म्हणून फक्त हे डोंगराचं चिन्ह चालतं, नुसतं एम+एस चालत नाही. ती चाचणी बर्फाची आहे, आइसची नाही, त्यामुळे चिन्ह असलेले सगळे टायर आइसवर सारखेच असं समजू नका.

ऑल वेदर नावाचा मधला प्रकार असतो, त्यावर पण हे डोंगराचं चिन्ह असतं आणि तो वर्षभर ठेवता येतो. बर्फ अधूनमधून पडतो आणि दोन दिवसांत वितळतो अशा ठिकाणी ते ठीक आहेत. चार-पाच महिने पांढरं असतं तिथे मी तरी खरे विंटर टायरच घेईन. खिळ्यांचे टायर आइसवर फार चांगले, नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये भरपूर वापरतात, पण जर्मनीत त्यांना बंदी आहे, तेव्हा आपल्याकडे काय चालतं ते बघूनच घ्या.

चारही टायर बदलायचे. चारही! फ्रंट व्हील ड्राइव आहे म्हणून पुढचेच दोन बदलले तर पुढची चाकं रस्ता धरतात आणि मागची धरत नाहीत, मग वळणावर किंवा उतारावर ब्रेक मारताना गाडीची शेपटी पुढे यायला बघते. छोटी गाडी आखूड असते, त्यामुळे ती फिरली की पटकन फिरते, सावरायला वेळ मिळत नाही.

आता छोट्या गाडीचा एक फायदा जो फार कुणी सांगत नाही. बर्फात अरुंद टायर बरा, कारण तेच वजन कमी रुंदीवर येतं आणि टायर वरचा भुसभुशीत थर कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. स्वीडनच्या बर्फातल्या रॅलीत गाड्या अरुंद, खिळ्यांच्या टायरवर धावतात. रुंद टायर चिखलबर्फावर, म्हणजे स्लशवर, तरंगायला बघतो. म्हणून हिवाळ्यासाठी एक-दोन इंच लहान रिम आणि अरुंद टायर घेतात. उदाहरणार्थ गाडी २२५/४५ आर१७ वर येते, तर हिवाळ्याला १९५/६५ आर१५ लावता येतो, बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, ६३ सेंमीच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही. फक्त ते लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, बोल्टची जुळणी आणि ऑफसेट तोच आहे ना, टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलतो तो आकडा) कमी पडत नाही ना, हे टायरवाल्याकडून बघून घ्या आणि मॅन्युअलमध्ये कोणते साइझ चालतात तेही वाचा. रिमसकट वेगळा सेट असला की दर वर्षी टायर रिमवरून काढणं-घालणं वाचतं, आणि मिठाचं पाणी हिवाळ्याच्या साध्या स्टीलच्या रिमवर जातं, चांगल्या अलॉयवर नाही.

हवा. थंडीत प्रेशर पडतं, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय. उबदार गॅरेजमध्ये २० अंशाला भरलेली हवा बाहेर उणे १५ ला सहा पीएसआयनं खाली गेलेली असते, मग डॅशबोर्डवरचा दिवा लागतो आणि लोक सेन्सर बिघडला म्हणतात. बाहेरच्या थंडीत, गाडी न चालवता मोजा, दाराच्या चौकटीवर लिहिलंय तेवढी भरा. पकड वाढते म्हणून हवा कमी ठेवायची ही वाळूतली युक्ती आहे, साफ केलेल्या थंड रस्त्यावर तिचा तोटाच होतो.

गाडी निवडताना

ग्राउंड क्लिअरन्स बघा, पण कागदावरचा आकडा बघून थांबू नका. बऱ्याच छोट्या गाड्या १३ ते १६ सेंमीच्या दरम्यान असतात, एसयूव्ही २० ते २२ च्या आसपास. चार माणसं आणि सामान बसलं की छोटी गाडी आणखी दोन-तीन सेंमी खाली बसते. शोरूममध्ये पट्टी घेऊन जा, लाज वाटायचं कारण नाही, आणि पुढच्या बंपरच्या ओठाची उंची मोजा, बर्फाला पहिला तोच लागतो. स्पोर्टी व्हेरिएंट खाली बसलेले असतात आणि त्यांना मोठी रिम येते, बर्फासाठी त्याच गाडीचं साधं व्हेरिएंट उत्तम.

किती बर्फातून जाईल? ताजा, कोरडा, पिठासारखा बर्फ असेल तर क्लिअरन्सपेक्षा थोडा जास्त असला तरी गाडी त्यातून ढकलत जाते. ओला जड बर्फ असेल तर त्याच्या आधीच थांबते, कारण तो पोटाखाली दाबला जातो, गाडी त्यावर बसते आणि चाकं अधांतरी फिरतात. मी स्वतःसाठी १२ सेंमीची रेघ ठरवलीय, त्याच्या वर प्लाऊ न झालेला ओला बर्फ असेल तर आधी फावडं, नाहीतर घरीच.

छोटी आणि एडब्ल्यूडी दोन्ही हवं असेल तर पर्याय आहेत. फियाटनं पांडाची फोर बाय फोर १९८३ मध्येच आणली होती, डोंगराळ गावांतून त्या वर्षानुवर्षं चालल्या. सुबारू इम्प्रेझा, माझदा ३, सुझुकी स्विफ्ट, टोयोटा प्रियस यांच्या एडब्ल्यूडी आवृत्त्या काही बाजारांत मिळतात, सगळीकडे नाही. पण लक्षात घ्या, ऑल सीझन टायरवरची एडब्ल्यूडी आणि विंटर टायरवरची फ्रंट व्हील ड्राइव यातली एकच निवडायची असेल तर सपाट वस्तीत मी डोळे मिटून दुसरी घेईन, कारण निघता येणं जेवढं लागतं त्याहून थांबता येणं जास्त लागतं. मागच्या चाकांना जोर देणारी हलकी गाडी मात्र या कामाला नको.

इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) असल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नका. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपियन युनियनमध्ये नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, त्याच्या आधीची सेकंडहँड घेत असाल तर विचारून घ्या. बाकी मागचा वायपर (हॅचबॅकला मागची काच मिनिटात भरते), तापणारे आरसे आणि तापणाऱ्या सीट. आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण कुठे आहे तेही बघून ठेवा, पुढे अडकण्याचा भाग येतो तेव्हा कळेल का.

एलईडी हेडलाइट तापत नाहीत, त्यामुळे त्यावर बर्फ चिकटून राहतो आणि उजेड हळूहळू मंदावतो. छोट्या गाडीत दिवे खालीच असतात, पुढच्या ट्रकचा सगळा चिखलबर्फ त्यांच्यावर. थांबलात की हातानं पुसायची सवय लावून घ्या.

इलेक्ट्रिक छोटी गाडी बघत असाल तर कडक थंडीत रेंज चांगलीच पडते हे धरून चाला, हीट पंप असलेली घ्या, आणि चार्जर लागलेला असतानाच केबिन गरम करून निघा.

कायदा आणि चेन

हे बरेच जण विसरतात. एसयूव्ही होती तेव्हा जे नियम तुम्हाला लागू नव्हते ते छोट्या गाडीला लागू होऊ शकतात. कॅलिफोर्नियाच्या घाटरस्त्यांवर आर-२ पातळी लागली की सगळ्या गाड्यांना चेन, म्हणजे टायरभोवती घालायची साखळी, लावावी लागते, सूट फक्त चारही चाकांना जोर असलेल्या आणि चारही चाकांना स्नो टायर असलेल्या गाड्यांना. म्हणजे काल ज्या रस्त्यानं थेट गेलात तिथे आज रस्त्याकडेला उतरून चेन चढवायची. क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, स्वीडनमध्ये रस्त्यावर बर्फ, आइस असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च. आपल्या नेहमीच्या रस्त्यांचे नियम नव्या गाडीच्या नजरेनं पुन्हा वाचा.

चेन ओढणाऱ्या चाकांना लागते, फ्रंट व्हील ड्राइवला पुढे. मॅन्युअलमध्ये कुठल्या टायर साइझवर चेन चालते ते लिहिलेलं असतं, छोट्या गाडीत चाकाच्या आत जागा कमी असते आणि जाड चेन ब्रेकची नळी किंवा सस्पेन्शनला घासू शकते, मग पातळ कड्यांची घ्यायची किंवा कापडी आवरण. आणि एकदा घरी, कोरड्यात, दिवसाउजेडी चढवून बघा. अंधारात, उणे दहाला, ओल्या हातांनी पहिल्यांदा शिकायची गोष्ट नाहीये ती.

गाडी थंडीसाठी तयार करणं

छोट्या गाडीची बॅटरीही छोटी असते, म्हणून तिच्याकडे आधी बघा. उणे १८ अंशाला लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिनाला फिरायला जास्त जोर लागतो. बॅटरीवर सीसीए (थंडीत इंजिन सुरू करायची ताकद) म्हणून जो आकडा असतो तो याच उणे १८ ला मोजलेला असतो, मॅन्युअलमध्ये सांगितलाय त्याच्या खाली जाऊ नका. चार-पाच वर्षं जुनी असेल तर थंडी सुरू व्हायच्या आधी तपासून घ्या. ऑइल मॅन्युअलप्रमाणेच, ०डब्ल्यू आणि ५डब्ल्यू (आकडा जितका कमी तितकं ऑइल थंडीत पातळ) यातला फरक खूप थंडीत जाणवतो. कूलंट निम्मं पाणी निम्मं अँटीफ्रीझ असेल तर उणे ३७ च्या आसपासपर्यंत गोठत नाही. नियमित उणे २० च्या खाली जात असाल तर ब्लॉक हीटर (इंजिन गरम करणारा विजेचा हीटर) बसवा आणि टायमर लावून निघायच्या दोन-तीन तास आधी सुरू होऊ द्या, रात्रभर चालू ठेवायची गरज नाही. काच धुवायचं पाणी हिवाळ्याचंच भरा, आणि एक कॅन डिकीत, कारण मिठाच्या रस्त्यावर ते विश्वास बसणार नाही इतक्या लवकर संपतं.

डिकीत काय ठेवायचं: दांडी सुटणारं छोटं फावडं, वाळूची किंवा मांजराच्या लिटरची पिशवी, ब्रश आणि स्क्रेपर, जंप स्टार्टर नाहीतर केबल, टॉर्च, ब्लँकेट, ओढायचा पट्टा, सुके मोजे, खायला काहीतरी. डिकी लहान, म्हणून हे सगळं एका चपट्या खोक्यात बसवा, नाहीतर सामान भरताना तेच आधी बाहेर निघतं. गाडीचं टो हुक स्क्रूचं असतं, सहसा स्पेअरच्या खाली सापडतं, ते कुठे आहे आणि बंपरवर कुठे लागतं ते आत्ताच बघा.

चालवायची सवय बदलणं

पहिला बर्फ पडला की मोकळं मैदान किंवा रिकामं पार्किंग गाठा, जिथे परवानगी असेल तिथे. ताशी ३० ला जोरात ब्रेक दाबा, पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर ओळखीची करून घ्या, पाय उचलायचा नाही. मग हळू वळताना जास्तच स्टीअरिंग फिरवून बघा, गाडी सरळ जायला लागेल, तेव्हा स्टीअरिंग आणखी फिरवायचं नाही, उलट थोडं सोडायचं आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, चाकं पुन्हा रस्ता धरतात. हे तासभर केलं की नव्या गाडीची मर्यादा अंगात भिनते. एसयूव्हीतून आलेल्या माणसाला एक गोष्ट मुद्दाम शिकावी लागते, चढाच्या आधी वेग घेऊन ठेवायचा आणि चढावर थांबायचं नाही. पुढची गाडी चढून जाईपर्यंत मी खालीच थांबते, मागच्यानं हॉर्न मारला तरी.

प्लाऊनं ड्राइववेच्या तोंडाशी टाकलेला ढिगारा हा छोट्या गाडीचा खरा शत्रू. तो दाबलेला असतो, त्यात बर्फाचे गोळे असतात, आणि तासाभरात गोठून दगड होतो. एसयूव्ही त्याच्यावरून जायची. आता ते तोंड फावड्यानं मोकळं करूनच निघायचं. वेगात घुसून पार करू असा विचार करू नका, बंपर आणि खालचं प्लास्टिकचं आवरण तुटतं. यासाठी सकाळची पंधरा मिनिटं जास्त धरा, ही या अदलाबदलीची सगळ्यात मोठी रोजची किंमत आहे.

गोठलेल्या चाकोऱ्यांचंही तसंच. त्या मोठ्या गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या असतात, तुमच्या गाडीची रुंदी कमी, त्यामुळे एक चाक खाचेत आणि एक कडेवर चढतं आणि गाडी इकडेतिकडे ओढली जाते. स्टीअरिंग दोन्ही हातांनी पण सैल धरा आणि वेग कमी करा. चौकात बर्फाचे उंच ढीग असतील तर आडवी येणारी गाडी दिसत नाही, नाक हळूहळू बाहेर काढायचं. बदल्यात टपावरचा बर्फ हात पोचून एका मिनिटात निघतो, आणि तो काढायचाच, नाहीतर ब्रेक मारला की सगळा पुढच्या काचेवर येतो.

अडकलात तर

चाक जागच्या जागी फिरतंय हे कळल्या क्षणी पाय काढा. जितकं फिरवाल तितका खालचा बर्फ वितळून आइस होतो. उतरा, आणि सगळ्यात आधी सायलेन्सरच्या नळीचं तोंड मोकळं करा, कारण ती बर्फात बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. यात कधीही कंटाळा करू नका. मग चाकांच्या पुढे-मागे आणि पोटाखालचं उकरा, वाळू टाका, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, कारण ते चाक फिरायला लागलं की इंजिनाचा जोर कापतं आणि गाडी जागची हलत नाही. स्टीअरिंग सरळ ठेवून हळू पुढे-मागे झुलवा. छोट्या गाडीचं वजन कमी असतं, एक-दोन माणसांनी धक्का दिला तरी निघते, हे मी बऱ्याच वेळा अनुभवलंय. निघाली की ट्रॅक्शन कंट्रोल परत चालू.

वाट बघत बसायची वेळ आली तर गाडी सोडून चालत जाऊ नका. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, वारा ज्या बाजूनं येतो तिच्या पलीकडची काच थोडी उघडी, आणि दर वेळी सुरू करायच्या आधी नळी पुन्हा बघा. म्हणूनच हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही.

कुणी बदलू नये

प्लाऊ दिवसदिवस न येणारा लांबचा रस्ता, तीव्र चढाचं घर, ट्रेलर ओढायचा असेल, तीन चाइल्ड सीट एका रांगेत लावायच्या असतील, तर एसयूव्ही ठेवा, फक्त तिला पण विंटर टायर लावा. आणि एक गोष्ट लपवत नाही, मोठ्या जड गाडीशी समोरासमोर धडक झाली तर हलक्या गाडीतल्या माणसाला जास्त मार बसतो, हे भौतिकशास्त्र आहे. चांगलं क्रॅश रेटिंग असलेली, नव्यातली नवी परवडेल ती गाडी घ्या, आणि धडकच होऊ नये म्हणून पुन्हा टायर. घरात दोन गाड्या असतील तर एकच बदला आणि दुसरी दोन हिवाळे राहू द्या, आमच्या ओळखीत एकांनी असंच केलं आणि मग दुसरीही विकली.

वसंतात

तापमान सातत्यानं ७ अंशांच्या वर राहायला लागलं की टायर उतरवा, गरम रस्त्यावर ते मऊ रबर भराभर झिजतं. नक्षीची खोली मोजा, ४ मिमीच्या खाली गेली असेल तर पुढच्या सीझनला नवे, ऑस्ट्रियात तर त्याच्या खाली तो विंटर टायर म्हणून धरतच नाहीत. गाडी खालून दाबाच्या पाण्यानं धुवून घ्या, खाली असल्यामुळे मीठ हिच्या पोटाला जास्त लागलेलं असतं, हिवाळ्यातही पारा शून्याच्या वर गेला की एकदा धुवायची संधी सोडू नका. आणि टायर रचून ठेवायच्या आधी प्रत्येकावर खडूनं लिहा, कुठून काढला ते, पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये पुढचे मागे आणि मागचे पुढे लावायला शोधाशोध होत नाही.